जपानला गेलेली माती

माझी आजी खाणीवर पाट्या वाहायची. डिचोली तालुक्यातलं आमचं गाव, १९५२-५३ च्या सुमाराचा काळ, गोव्यात अजून पोर्तुगीजांचा अंमल. पुरुष पहारी-कुदळींनी डोंगर फोडायचे आणि बायका ती तांबडी दगडमाती पाट्यांत भरून, डोक्यावर घेऊन खाली आणून ओतायच्या. मी लहानपणी तिला विचारायचे, एवढी माती जायची कुठे? ती पदराने तोंड पुसत म्हणायची, "जपानाक वता."

जपान हा देश आहे हे तिला कुणी सांगितलं होतं की नाही, कुणास ठाऊक. तिच्या लेखी जपान म्हणजे मुरगावला लागणारी बोट. बोट लागली की खाणीवर घाई, बोट नसली की हात रिकामे. पुढे बाबा बार्जीवर खलाशी झाले. तीच माती मांडवीतून मुरगावपर्यंत न्यायचं त्यांचं काम. पावसाळ्यात आग्वादच्या तोंडाशी वाळूचा बांध समुद्राला खवळवतो, तेव्हा बार्जी कुंभारजुव्याच्या खाडीतून झुआरीत उतरायच्या. बाबांच्या बोलण्यातही जपान हे असंच, बंदराच्या पलीकडचं काहीतरी होतं.

मी पुण्याला शिकायला गेले आणि जपानी शिकले. आज वीस वर्षं दुभाषी म्हणून काम करते आहे. या वीस वर्षांत एक वाक्य मी शेकडो वेळा दोन्ही भाषांत फिरवलं असेल: युद्धात बेचिराख झालेला जपान पंचवीस वर्षांत उभा राहिला, हा चमत्कार होता. सभांमध्ये, कारखान्यांच्या उद्घाटनांत, जेवणाच्या टेबलावर. प्रत्येक वेळी 'चमत्कार' शब्दापाशी माझी जीभ जराशी अडते. चमत्काराला कष्ट लागत नाहीत, कच्चा माल लागत नाही. आणि मला तर डोक्यावरची पाटी आठवत असते.

म्हणून मी तो काळ वाचत गेले. कामासाठी नव्हे, स्वतःसाठी.

ऑगस्ट १९४५ मध्ये शरणागती झाली तेव्हा जपानी शहरांपुढचा पहिला प्रश्न भाताचा होता. त्या वर्षी पीक बुडालं होतं, कोरिया आणि तैवानमधून येणारा तांदूळ बंद झाला होता आणि परदेशांतून लाखो सैनिक-नागरिक परतत होते. रेशन मिळायचं, पण त्यावर माणूस जगू शकत नसे. शहरातली माणसं खच्चून भरलेल्या आगगाड्यांतून खेड्यांत जायची आणि किमोनो देऊन रताळी आणायची. या जगण्याला त्यांनी नाव दिलं 'ताकेनोको सेइकात्सु', बांबूच्या कोंबाचं आयुष्य. कोंब सोलताना जसा एकेक पापुद्रा निघत जातो, तसे अंगावरचे कपडे एकेक करून विकत जायचं. हा शब्द मी पहिल्यांदा शिकले तेव्हा वर्गात त्याचा अर्थ सांगणाऱ्या आमच्या बाई क्षणभर थांबल्या होत्या.

तोक्योत यामागुची योशितादा नावाचे एक न्यायाधीश होते. काळ्या बाजाराचे खटले त्यांच्यापुढे चालायचे. लोकांना ज्या गुन्ह्यासाठी आपण शिक्षा देतो तो आपण करायचा नाही, असं त्यांनी ठरवलं आणि रेशनाबाहेरचा दाणा घरात येऊ दिला नाही. जे मिळायचं त्यातलंही बरंचसं मुलांच्या पानात. ऑक्टोबर १९४७ मध्ये ते उपासमारीने गेले. वय ३३. जपानच्या भरभराटीची गोष्ट सांगताना सुरुवात गाड्यांपासून किंवा रेडिओपासून करतात. मला ती या माणसाच्या रिकाम्या ताटापासून करावीशी वाटते, कारण त्याच्या पिढीतले सगळेच जण भूक म्हणजे काय हे अंगाने ओळखत होते, आणि पुढची तीस वर्षं ते ज्या भयाने राबले ते भय तिथलं आहे.

कोळसा नाही म्हणून पोलाद नाही, पोलाद नाही म्हणून कोळशाच्या खाणीत आधार आणि रूळ नाहीत, म्हणून पुन्हा कोळसा नाही. १९४६ मध्ये देशभरात मिळून जेमतेम साडेपाच लाख टन पोलाद निघालं. अर्थतज्ज्ञ आरिसावा हिरोमी यांनी सुचवलं की हे चक्र एकाच जागी तोडावं लागेल: हाताशी असलेला सगळा कोळसा आधी पोलादाला द्या, ते सगळं पोलाद आधी खाणींना द्या, बाकीच्यांनी कळ काढावी. दुष्काळात घरातली बाई जसं बियाण्याचं धान्य वेगळं बांधून ठेवते आणि पोरं रडली तरी त्याला हात लावू देत नाही, तसं ते होतं. पैसा छापून हे चालवल्यामुळे महागाई भडकली ती वेगळीच.

याच काळात अमेरिकी अंमलाखाली जमीन सुधारणा झाली. कुळांकडे असलेली जमीन ४६ टक्क्यांवरून १० टक्क्यांच्या आसपास आली. जमीनदारांना मोबदला मिळाला, पण महागाईने तो पाण्यासारखा वाहून गेला. कूळकायद्याने काय बदलतं आणि तो कागदावर राहिला की काय राहून जातं, हे आपल्याकडे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना या एका आकड्याचं वजन सांगायला नको. पुढे टीव्ही आणि धुलाईयंत्रं विकत घेणारं गिऱ्हाईक याच शेतांतून उभं राहिलं.

१९४९ मध्ये डेट्रॉइटचे एक बँकर, जोसेफ डॉज, आले. त्यांनी सरकारी खर्चाला कात्री लावली आणि एका डॉलरला ३६० येन हा दर बांधून दिला. तो १९७१ पर्यंत टिकला. महागाई थांबली, पण कारखानेही थांबू लागले. तोयोता त्या वेळी बुडायच्या बेतात होती. कामगारकपात, मोठा संप, आणि ज्यांनी मोटारीचं स्वप्न पाहिलं त्या तोयोदा किइचिरो यांचा राजीनामा. तो जून १९५० महिना होता. त्याच महिन्यात कोरियात युद्ध पेटलं आणि काही आठवड्यांतच अमेरिकी सैन्याच्या ट्रकांच्या मागण्या येऊ लागल्या. कंपनी वाचली. किइचिरो १९५२ च्या मार्चमध्ये वारले. पुढचं काहीच त्यांनी पाहिलं नाही.

इथे मी नेहमी थांबते. ज्या कोरियावर जपानने पस्तीस वर्षं राज्य केलं, त्याच कोरियाच्या राखरांगोळीने जपानचे कारखाने पुन्हा पेटले. गोणपाट, ट्रक, तारा, लोखंड, सगळ्याला डॉलरमध्ये गिऱ्हाईक मिळालं. हे कुणी आखलेलं नव्हतं, हे खरं. पण उत्कर्षाच्या गोष्टीतून हे वगळून पुढे जाणं मला जमत नाही. जपानी मित्रांशी बोलताना मी हा विषय काढते, आणि त्यांच्यातले वयस्कर लोक मान खाली घालून होकार देतात.

आता मातीकडे येते.

जपानकडे खनिज लोह जवळजवळ नाही. युद्धाआधी ते मांचुरिया, चीन, मलाया इथून यायचं. साम्राज्य गेलं, १९४९ नंतर चीनशी व्यवहारही जवळपास तुटला. पोलाद तर करायचंच होतं. मग माणसं नकाशे घेऊन बाहेर पडली: मलाया, फिलिपिन्स, भारत, आणि पोर्तुगीजांचा गोवा. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीलाच गोव्यातल्या खाणमालकांशी करार झाले. त्यांतला एक करार करणाऱ्या कंपनीचं नाव होतं कोकान मायनिंग. पोलादाच्या 'निप्पॉन कोकान'ची ती खाणशाखा. जपानी भाषेत 'कोकान' म्हणजे पोलादी नळी. पण मी ते नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते कोकणच दिसलं, आणि अर्थ कळल्यावरही कितीतरी वेळ दुसरं काही दिसेना. त्या व्यवहारात जपानने यंत्रं पुढे केली, आणि त्यांची फेड खनिजाने व्हायची होती. आधी पाट्या आणि नंतर यंत्रं हा क्रम आमच्या तालुक्यात असा आला. मुरगावला १९५९ पर्यंत बोट भरायचं यांत्रिक साधनही उभं राहिलं.

समुद्रापलीकडे काय चाललं होतं ते मला फार उशिरा कळलं. खनिज दुरून आणायचं तर भट्टी खाणीजवळ असून उपयोग नाही, ती समुद्राकाठीच हवी. कावासाकी स्टीलचे अध्यक्ष निशियामा यातारो यांनी चिबा इथे खाडीत भराव घालून नवा कारखाना उभारला. १९५३ मध्ये तिथली पहिली झोतभट्टी पेटली. तेव्हा मोठ्या बँकांतल्या पुष्कळांना तो वेडेपणा वाटला होता. पण बोट थेट धक्क्याला लागते, माती पट्ट्यावरून भट्टीत जाते, आणि दुसऱ्या धक्क्यावरून पोलाद बाहेर पडतं, ही मांडणी एकदा बसल्यावर सगळी किनारपट्टी तशी होत गेली. बोटी मोठ्या झाल्या, म्हणून माती स्वस्तात येऊ लागली. बोटी बांधायला पोलाद लागतं, म्हणून पोलादाला गिऱ्हाईक मिळालं. १९५६ मध्ये जहाजबांधणीत जपानने ब्रिटनला मागे टाकलं. ऑस्ट्रियात निघालेली ऑक्सिजन फुंकून पोलाद करायची नवी रीत याच दशकात निप्पॉन कोकानने आणि यावाताने आणली. ज्याच्याकडे काहीच नाही त्याला जुन्या सोयींचं ओझंही नसतं, तो जगात जिथे स्वस्त आणि चांगलं मिळेल तिथून घेतो. साडेपाच लाख टनांचं पोलाद १९६० मध्ये सव्वादोन कोटी टन झालं आणि १९७३ मध्ये जवळजवळ १२ कोटी टन.

१९५६ च्या सरकारी आर्थिक श्वेतपत्रिकेत एक वाक्य आहे: "आता युद्धोत्तर काळ राहिलेला नाही." आज ते विजयाची ललकारी म्हणून सांगतात. मी मूळ मजकूर वाचला तेव्हा मला त्यात काळजी जास्त दिसली. पडझड भरून काढण्यातून होणारी वाढ आता संपली, यापुढची वाढ नवं काही करण्यातूनच यावी लागेल, असं त्यात म्हटलं आहे.

१९६० च्या डिसेंबरात पंतप्रधान इकेदा हायातो यांनी दहा वर्षांत राष्ट्रीय उत्पन्न दुप्पट करायची योजना जाहीर केली. ते सातेक वर्षांतच झालं. १९६४ च्या १ ऑक्टोबरला शिनकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, धावली, तिच्यासाठी जागतिक बँकेकडून ८ कोटी डॉलरचं कर्ज घेतलं होतं. जागतिक बँकेचं जपानवरचं सगळं कर्ज १९९० मध्ये फिटलं. म्हणजे सगळं जग जपानच्या श्रीमंतीने दिपलं होतं, तेव्हाही ते हप्ते भरत होते. १९६८ मध्ये पश्चिम जर्मनीला मागे टाकून भांडवलशाही जगात जपान अमेरिकेखालोखाल आला.

पण हे आकडे ज्यांच्या पाठीवर उभे होते त्यांतला एक माणूस मला २०२३ च्या नोव्हेंबरात तोक्योजवळच्या कावासाकी शहरात भेटला. मी ज्यांच्यासाठी दुभाषी म्हणून गेले होते त्यांच्या ओळखीचा, वय ७६. अकिता भागातल्या शेतकऱ्याचा तिसरा मुलगा. १९६२ च्या मार्चमध्ये, शाळेची नववी संपल्यावर, पंधराव्या वर्षी, खास सोडलेल्या गाडीत बसून तो तोक्योच्या उएनो स्थानकावर उतरला. अशा गाड्या १९५४ पासून वीसेक वर्षं चालल्या. ईशान्येच्या खेड्यांतली मुलं-मुली एका रात्रीत शहरात यायची आणि फलाटावर पाट्या धरून उभे असलेले मालक आपापली मुलं मोजून घेऊन जायचे. वर्तमानपत्रं या मुलांना 'सोन्याची अंडी' म्हणायची. काका म्हणाले (मी मनात त्यांना काकाच म्हणत होते), "आईने दिलेले भाताचे गोळे मी गाडीत खाल्ले नाहीत. संपले तर घर संपेल असं वाटलं. तिसऱ्या दिवशी ते आंबले."

त्यांनी आयुष्य एका लहानशा वर्कशॉपमध्ये काढलं. मालक धरून नऊ माणसं. निप्पॉन कोकानच्या कारखान्याला लागणारे सुटे भाग ते लेथवर करायचे. मोठ्या कंपनीतली आयुष्यभराची नोकरी, बोनस, कंपनीचं घर यातलं त्यांना काहीच मिळालं नाही. जपानी नोकरीची जी कीर्ती जगभर झाली ती मोठ्या कंपन्यांची, आणि तिच्या खाली अशा नऊ-नऊ माणसांच्या खोल्या होत्या. मंदी आली की पहिला घाव तिथे बसायचा. पण काकांच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. त्यांनी मला बोटं दाखवली, डाव्या हाताचं एक पेर नव्हतं. मग टीव्हीची गोष्ट सांगितली. मालकाने १९६४ च्या ऑलिंपिकसाठी टीव्ही आणला आणि नऊही जण त्याच्यासमोर गुडघे टेकून बसले होते.

मी विचारलं, तेव्हा हवा कशी होती? ते म्हणाले, बायको कपडे बाहेर वाळत घालायची नाही. पांढरा सदरा संध्याकाळपर्यंत करडा व्हायचा. मी म्हटलं, आमच्याकडे तांबडा व्हायचा. ते माझ्याकडे पाहत राहिले.

त्या धुराने कावासाकीत शेकडो लोकांना दम्यासारखे विकार जडले. १९८२ पासून त्यांनी कोर्टात लढा दिला आणि कंपन्यांशी समेट व्हायला १९९६ उजाडलं. मिनामाताचं दुःख तर याहून खोल. क्युशूच्या त्या मासेमारांच्या गावात १ मे १९५६ रोजी अनोळखी आजाराची पहिली अधिकृत नोंद झाली. तेच हे श्वेतपत्रिकेचं वर्ष. चिस्सो कंपनीच्या सांडपाण्यातला पारा माशांतून माणसांत गेला होता. कंपनीच्याच इस्पितळातले डॉक्टर होसोकावा हाजिमे यांनी १९५९ मध्ये मांजराला ते सांडपाणी घालून आजार तिथूनच येतो हे पाहिलं, पण तो प्रयोग दाबला गेला. सरकारने कारण मान्य केलं १९६८ मध्ये. मधल्या नऊ वर्षांत देश दरसाल दहा टक्क्यांनी वाढत होता, आणि मिनामातात आईच्या पोटातूनच आजार घेऊन मुलं जन्माला येत होती. ज्या तक्त्यात पोलादाचे टन मांडतात त्याच तक्त्यात ही मुलंही मांडायला हवीत, असं मला मनापासून वाटतं. लोकांच्या संतापामुळे १९७० मध्ये संसदेच्या एकाच अधिवेशनात प्रदूषणाचे १४ कायदे झाले, आणि ते पाळलेही गेले. आज कावासाकीत सदरा बाहेर वाळत घालता येतो. आमच्या गावी विहिरी तळाला गेल्या, शेतांत गाळ साचला, त्याची अशी भरपाई आमच्या वाट्याला आली नाही.

पुढचं सगळ्यांनाच ठाऊक आहे. १९७३ चा तेलाचा धक्का, १९८५ च्या प्लाझा करारानंतर महागलेला येन, मग जमिनी आणि शेअरांचा फुगा. निक्केई निर्देशांक १९८९ च्या शेवटच्या व्यवहाराच्या दिवशी ३८,९१५ वर गेला आणि तिथे पुन्हा पोचायला त्याला २०२४ उजाडलं.

आमच्याकडच्या बोटी नव्या शतकात जपानपेक्षा चीनकडे जास्त जाऊ लागल्या. बेसुमार उत्खनन झालं. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, मध्ये थोड्या सुरू झाल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या. बाबांची बार्ज किती वर्षं खाडीत गंजत उभी होती. ते संध्याकाळी तिथवर फिरायला जायचे, आणि आल्यावर बोलायचे नाहीत.

कावासाकीतल्या त्या नोव्हेंबरात काका मला त्सुरुमी लाइनने उमि-शिबाउरा स्थानकावर घेऊन गेले. ही कारखान्यांचीच रेल्वे आहे. वाटेत मुसाशी-शिराइशी नावाचं स्थानक लागतं, ते निप्पॉन कोकानचे पहिले अध्यक्ष शिराइशी मोतोजिरो यांच्या नावावरून. उमि-शिबाउराचा फलाट थेट पाण्यावर आहे. बाहेर पडायचं दार एका कारखान्याचंच, तिथल्या कामगारांशिवाय कुणाला जाता येत नाही. आपण फक्त फलाटावर आणि शेजारच्या चिमुकल्या बागेत उभं राहायचं. समोर खाडी, पलीकडे ओगिशिमा, भराव घालून केलेलं बेट. निप्पॉन कोकान आणि कावासाकी स्टील २००३ मध्ये एक झाले, त्यांच्या इथल्या शेवटच्या झोतभट्टीचा जाळ दोनच महिन्यांपूर्वी, सप्टेंबर २०२३ मध्ये विझवला होता. काका टोपी काढून हातात धरून उभे होते.

मी त्यांना आजीबद्दल सांगितलं. पाट्या, लाल डोंगर, मुरगावची बोट. तिची माती नेमकी कुठल्या भट्टीत गेली हे कुणालाच सांगता येणार नाही, पण यातली थोडी इथे आली असेल, असं म्हटलं. त्यांनी बराच वेळ काही विचारलं नाही. मग लेथवर आयुष्य काढलेल्या माणसाने विचारावा तसा प्रश्न विचारला: "एका पाटीत किती किलो मावायचं?"

मला सांगता येईना. मी तिथूनच गोव्यात, साखळी गावी, आत्याला फोन लावला. लहानपणी ती आजीबरोबर खाणीवर जाऊन सावलीत धाकट्याला सांभाळायची. आत्या म्हणाली, "वजन कोण करतलो गो? पाट्यो मेजताले." वजन कोण करणार, पाट्या मोजायचे. मग थोडं थांबून म्हणाली, भरलेली पाटी एकटीला डोक्यावर घेता यायची नाही. दुसरीने उचलून द्यावी लागायची. आणि त्या दुसरीला तिसरीने.

मी ते काकांना जपानीत सांगितलं. त्यांनी टोपी बागेतल्या बाकावर ठेवली, दोन्ही हात कमरेपासून डोक्यापर्यंत सावकाश उचलले, आणि मला विचारलं, असं?

मी म्हटलं, हो, असंच.